चाव्या कोणाकडून घ्यायच्या?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल आली, सोबतचे व्हिडिओही पाहिले. मॅनेजर झाल्याची बातमी तुझ्या आईनं आधीच फोडली होती, तरी तुझ्याकडून कळल्यावर जास्त बरं वाटलं. अभिनंदन एका ओळीत उरकते, कारण पुढे तू जे लिहिलंयस त्यावर बोलायची घाई आहे. ‘मंगळवारी सलून उघडलं की सगळ्यांना उभं करते आणि टॅबथासारखी एकेकाची हजेरी घेते,’ असं तू लिहिलंस. मध्ये फक्त सोमवारची सुट्टी आहे, म्हणून आजच लिहायला बसले. मंगळवारच्या आत वाच.

टीव्हीवरची ती कडक केशरचनाकार, टॅबथा कॉफी, मलाही आवडते. तिचा सलून ताब्यात घ्यायचा कार्यक्रम ऑगस्ट २००८मध्ये ब्राव्हो वाहिनीवर सुरू झाला, तेव्हा मी इथे न्यू जर्सीत दुसऱ्याच्या सलूनमध्ये खुर्ची सांभाळत होते. तिचं स्वतःचं सलून आमच्याच राज्यात, रिजवुडला होतं. त्यामुळे आमच्या मागच्या खोलीत डबे उघडले की तिचाच विषय. दिवसही तसे होते. पुढच्याच महिन्यात लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली, मंदीनं सगळे धास्तावले आणि दर सहा आठवड्यांनी कलरला येणाऱ्या बायका दहा-दहा आठवडे मुळं पांढरी ठेवून हिंडायला लागल्या. बुडणारी सलून टीव्हीवर बघताना आम्हाला ती करमणूक वाटत नव्हती.

तू पाठवलेल्या सगळ्या व्हिडिओंत ती कोणावर तरी बरसतेय. दोन-तीन मिनिटांचे तुकडे आहेत ते. पूर्ण भाग जाहिराती वजा जाता पाऊण तासाचा असायचा, आणि त्याची सुरुवात बघण्यापासून व्हायची. आधी छुपे कॅमेरे लागायचे. ते चित्रण ती बघायची. मग काळ्या कपड्यांत, ते पांढरट सोनेरी आखूड केस घेऊन दारातून आत यायची आणि एका आठवड्यासाठी सलून ताब्यात घ्यायची. त्या वेळी ती चाव्या मागायची. कोणाकडे मागायची, नीट आठव. उशिरा येणाऱ्या स्टायलिस्टकडे नाही, रिसेप्शनवर मोबाइल चाळत बसलेल्या पोरीकडेही नाही. मालकाकडे. छुप्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं तीही आधी मालकालाच बसवून दाखवायची.

मला तुला सांगायचंय ते एवढंच आहे, पण तुझ्या आईच्या भाषेत सांगायचं तर मी ‘पाल्हाळ लावणार’ आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

तुझ्या मेलमध्ये स्टाफच्या तक्रारी दीड पान आहेत. तुमचे सीनियर स्टायलिस्ट ‘सर’ अकराला येतात, हेल्पर मुली वॉश अर्धवट देतात, कोणी प्रॉडक्ट विकत नाही, टार्गेट कोणालाच नको. मालकांबद्दल मात्र तीनच वाक्यं आहेत आणि तीही जाता जाता. गल्ल्यातून ते कधीही पैसे काढतात. त्यांच्या मेहुणीचं ग्लोबल कलर, म्हणजे सगळ्या केसांना रंग, फुकट होतं आणि ते कोणाच्या खात्यावर टाकायचं हे कोणालाच माहीत नसतं. पगार कधी सातला, कधी पंधराला. पोरी, तुझ्या सलूनचं सगळं दुखणं या तीन वाक्यांत आहे. पगार पंधरा तारखेला मिळणारा माणूस अकराला आला, तर त्याला तू कोणत्या तोंडानं घड्याळ दाखवणार?

टॅबथानं हेच पाच सीझन दाखवलं. मालक मित्र व्हायला बघतोय आणि कोणी ऐकत नाही, मालक स्वतःच खुर्चीवर रमलाय आणि हिशेबाच्या वहीला हात लावत नाही, नवरा-बायको मालक आहेत आणि भांडण क्लायंटसमोर चाललंय. २०१२ साली कार्यक्रमाचं नाव बदललं आणि ती सलूनबाहेरच्या छोट्या धंद्यांतही शिरली, बारमध्ये, फ्रोझन योगर्टच्या दुकानात. तिथेही तेच निघायचं. केसांचा त्यात काही संबंध नव्हता.

आता तुझी अडचण. ती बाहेरची होती आणि मालकानं तिला आपणहून बोलावलेलं असायचं. करारावर सही, सोबत कॅमेऱ्याची फौज, आणि काय करायचं ते एका आठवड्यात. तू पगारी मॅनेजर आहेस. तुला कोणी चाव्या दिलेल्या नाहीत, फक्त हुद्दा दिलाय, आणि हुद्दा फुकट मिळतो. मंगळवारी तू सगळ्यांना उभं केलंस, त्यातला एक जण मालकांना फोन लावेल, मालक म्हणतील, “अगं जरा सांभाळून घे ना”, आणि त्या क्षणी तुझी मॅनेजरकी संपेल. म्हणून स्टाफच्या मीटिंगआधी मालकांची मीटिंग. तीही सलूनमध्ये नको, बाहेर कुठेतरी, सोमवारी. गल्ला रोज रात्री कोण मोजणार आणि त्यातून पैसे काढले तर चिठ्ठी कोण टाकणार, घरच्यांना किती सूट आणि ती कोणाच्या नावावर, पगाराची तारीख कोणती, माणूस ठेवण्या-काढण्याचा शेवटचा शब्द कोणाचा, हे बोलून घे आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांना लिहून पाठव: ‘आज आपलं असं ठरलं.’ त्यांनी अंगठा दाखवला तरी पुरे. नुसत्या बोलण्यावर जाऊ नकोस. मालक वाईट नसतात गं, विसरभोळे असतात, आणि सोयीनं विसरभोळे असतात.

कडकपणाकडे येते, कारण तुला तोच हवाय.

टॅबथाच्या बोलण्याला वजन कुठून आलं ते बघ. ती ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टची. आईवडिलांचे तिथे स्ट्रिप क्लब होते आणि मंचावर जाणाऱ्या कलाकारांचे विग, केस, मेकअप बघत ती वाढली. शाळकरी वयातच सलूनमध्ये उमेदवारीला लागली, मग लंडन, मग अमेरिका. २००७ साली ब्राव्होवरच केशरचनाकारांची एक स्पर्धा झाली, तीत ती उतरली. जिंकली नाही. प्रेक्षकांनी मात्र तिला सर्वांत आवडती स्पर्धक म्हणून निवडलं आणि पुढच्या वर्षी स्वतःचा कार्यक्रम मिळाला. म्हणजे टीव्हीवर लोकांना दम द्यायच्या आधी तिची पंचवीसेक वर्षं केस कापण्यात गेली होती. कात्री चालते म्हणून तोंड चालतं. ती कोणाला “हा बॉब वाकडा आहे” म्हणाली की तो वाकडाच असायचा, आणि समोरच्यालाही ते दिसायचं.

बॉबचंच घे. हनुवटीपर्यंतचा, एका रेषेतला, सरळ केसांचा. शिकाऊ मुलगी तो कापते, पुढून छान दिसतो, क्लायंट खूश. तू मागे उभी राहतेस. मान सरळ ठेवायला सांगतेस, दोन्ही बाजूंचे केस दोन बोटांत धरून खाली आणतेस, आरशात बघतेस. उजवीकडे कानापाशी रेष पाव इंच वर गेलेली असते. का गेली? कान केसांना बाहेर ढकलतो. त्या मुलीनं तिथेही केस कंगव्यानं ताणून कापले, सोडल्यावर ते उडी मारून वर गेले. कानावर ताण द्यायचा नाही, कंगव्याचे मोठे दात वापरायचे, केस आपसूक पडतील तिथे नुसते टेकवायचे आणि कापायचे. हे तिला खुर्चीपाशी, हळू आवाजात, हात लावून दाखवता आलं की तू कडक झालीस. “लक्ष कुठे असतं तुझं?” म्हणालीस तर तू फक्त मोठ्यानं बोललीस, आणि उद्याचा बॉबही उजवीकडे वरच जाणार.

आपल्या धंद्यात हा कडकपणा टीव्हीच्या आधीपासून आहे. व्हिडाल ससून वयाच्या चौदाव्या वर्षी लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये कोहेन नावाच्या केशकर्त्याकडे उमेदवारीला राहिला. साल १९४२, युद्ध चालू, लोक बाँबच्या भीतीनं तळघरांत झोपत होते. पण सकाळी कामावर येताना नखं स्वच्छ, पँटला इस्त्रीची घडी आणि बूट चकचकीत, याला माफी नव्हती. पोरं रात्री पँट अंथरुणाखाली घालून झोपायची म्हणे, घडी मोडू नये म्हणून. त्याच पोरानं १९६०च्या दशकात भूमितीतल्या आकृत्यांसारखे केस कापून जगभरातल्या बायकांची रोलर आणि स्प्रेमधून सुटका केली. मला यात कौतुक नियमाचं नाही. नियम तीनच होते, रोज तेच होते, आणि ते कोहेनलाही लागू असणार, नाहीतर पोरांनी पाळले नसते.

तू सत्तावीस नियमांची यादी पाठवलीस. मी वाचली. नेलपेंटच्या रंगापर्यंत गेलीस तू! तिच्यातलं ज्यानं क्लायंटला इजा होऊ शकते तेवढं मंगळवारी काढ, बाकीचं गुंडाळून ठेव. रेझरचं पातं प्रत्येक माणसाला नवीन. कंगवे-कात्र्या धुऊन जंतुनाशकात, आमच्याकडच्या त्या निळ्या बाटलीवर दहा मिनिटं लिहिलंय तर दहा मिनिटं, नुसतं बुचकळून काढलं तर चालणार नाही. नव्या क्लायंटला कलर करायच्या आधी ४८ तास पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर थोडा रंग लावून अ‍ॅलर्जी येते का ते बघणं, मग ती कितीही घाईत असो आणि लग्न उद्यावर असो. कलरमध्ये कालवायचं डेव्हलपर वजनकाट्यावर मोजूनच, डोळ्यांच्या अंदाजानं नाही, आणि टाळूला लागणार असेल तर ४० व्हॉल्यूमच्या जहाल डेव्हलपरला हातही लावायचा नाही. यात कोणाची गय नको. सरांची नको, मालकांच्या मेहुणीची तर मुळीच नको.

हे मी एवढं ठासून का सांगतेय, तर इथे न्यू जर्सीत लायसन्ससाठी मला आधी १२०० तासांचा कोर्स करावा लागला. मुंबईत शिकून आले होते, पण इथे परत शाळा, परत प्लास्टिकच्या डोक्यांवर सराव, परत परीक्षा. तेव्हा चिडचिड झाली. पण त्यामुळे इथल्या मॅनेजरच्या पाठीशी राज्याचं बोर्ड असतं, लायसन्स सगळ्यांना दिसेल असं लावावं लागतं, इन्स्पेक्टर कधीही येऊ शकतो. टॅबथा घाणेरडा कंगवा उचलून दाखवायची तेव्हा तिच्यामागे कायदा उभा होता. तुझ्याकडे कात्री हातात घ्यायला असं लायसन्स कोणी मागत नाही. क्लायंटच्या टाळूची काळजी घेणारी तिथे तूच. म्हणून आवाज चढवायचाच असेल तर तो पात्यावर आणि पॅच टेस्टवर चढव. अकराला येण्यावर नको, ते बोलून सुटतं.

छुप्या कॅमेऱ्यांचा जो विचार मांडलायस, तो आजच सोडून दे. वॅक्सिंगच्या खोल्या आहेत, गाऊन घातलेल्या बायका आहेत, कुठे काय टिपलं जाईल आणि कोणाच्या मोबाइलवर जाईल याचा नेम नाही. त्यापेक्षा एका आडवारी दुपारी स्वतः क्लायंट हो. खुर्चीत बस, वॉश घे, डोळे मीट. पाणी कानात जातंय का, मान बेसिनच्या काठावर दुखतेय का, हेल्पर शाम्पू मानेमागून धुतेय की वरवर, बाजूच्या खुर्चीवरचं कोणाचं बोलणं तुझ्या कानावर येतंय, सगळं कळेल. आणि रात्री सगळे गेल्यावर सिंकपाशी जा. कलरच्या वाट्या बघ. ६० ग्रॅम लागणार तिथे १०० ग्रॅम कालवलेला असतो, उरलेला नळाखाली जातो. महिनाभर तो मोजून लिहून ठेवलास की प्रॉडक्ट विकण्याच्या टार्गेटवरून जेवढे पैसे वसूल करायला बघतेयस, त्यातले बरेच सिंकमध्येच सापडतील. हा हिशेब मालकांना आवडेल. स्टाफलाही आवडेल, कारण त्यांच्या मागचा विक्रीचा तगादा कमी होईल.

सरांचं काय करायचं, हा तुझा खरा प्रश्न. तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, हात उत्तम, क्लायंट त्यांच्या नावानं येतात, आणि तू कालपर्यंत त्यांना फॉइल कापून देत होतीस. अशा माणसाला सगळ्यांसमोर बोललीस तर ते एका शब्दानं उत्तर देणार नाहीत. पुढच्या महिन्यात समोरच्या इमारतीत खुर्ची घेतील आणि फोनमधले दोनशे नंबर सोबत नेतील. टीव्हीवर माणूस काढला की पुढचं दृश्य येतं. तुझ्याकडे पुढचा रविवार येतो, आणि रविवारी अकरा वाजता वेटिंगमध्ये नऊ जण बसलेले असतात.

त्यांच्याकडे एकटी जा. ‘सर’च म्हण, मॅनेजर झालीस म्हणून नावानं हाक मारू नकोस, ते कोणालाच रुचणार नाही. त्यांना विचार की सकाळचे दोन तास जातात कुठे. मला वाटतं, उत्तर निघेल. त्या वेळात ते कोणाच्या तरी घरी जाऊन केस कापत असतील, कारण पगाराची तारीख नक्की नाही. तसं असेल तर हा मुद्दा सोमवारच्या मालकांच्या मीटिंगमध्ये गेला पाहिजे. नसेल, आणि नुसता आळस असेल, तर स्पष्ट सांग की दहाच्या अपॉइंटमेंट यापुढे दुसऱ्यांना जातील. भांडू नकोस, डायरीत लिही. मोठ्या कलाकाराला रिकामी खुर्ची जेवढी झोंबते तेवढं कोणाचं बोलणं झोंबत नाही. आणि त्यांना एक काम दे जे त्यांच्याशिवाय कोणाला जमणार नाही: आठवड्यातून एकदा हेल्पर मुलींना कटिंग शिकवणं, सलूनच्या वेळेत, पगारी. त्या मुली वर्षानुवर्षं फक्त वॉश देतायत, मग अर्धवट देणारच ना?

कधीतरी माणूस काढावाही लागेल. टॅबथाच्या कार्यक्रमात ते भर दुपारी, सगळ्यांदेखत व्हायचं, कारण कॅमेरा तिथे होता. तू शेवटचा क्लायंट गेल्यावर, बसून, हिशेब चुकता करून, दोन वाक्यांत कर. कारण एकच सांग, चार सांगत बसलीस की वाद सुरू होतो. आणि दुसऱ्या दिवशी स्टाफसमोर त्या माणसाबद्दल एक शब्दही काढू नकोस. राहिलेले लोक तेवढंच बघत असतात, की उद्या आपल्याबद्दल ही काय बोलेल.

टॅबथाचं एक मात्र जसंच्या तसं उचल. दीडेक महिन्यानं ती परत यायची. केलेलं टिकलं का ते बघायला. बरेचदा टिकलेलं असायचं, काही ठिकाणी मालक जुन्याच वळणावर गेलेले दिसायचे, आणि तिच्या चेहऱ्यावर ते लपायचं नाही. मला तो शेवटचा भाग सगळ्यांत जास्त आवडायचा. व्हिडिओवाल्यांनी तो कापून टाकलाय, त्यात कोणी ओरडत नाही ना! मालकांशी बोलून जे ठरेल, त्याला सहा आठवडे दे आणि ती तारीख त्यांनाही सांगून ठेव. त्या दिवशी परत बसा, तोच व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज उघडा आणि एकेक ओळ वाचा. पगाराची तारीख तेव्हाही हललेली असेल, तर तू तिथे किती दिवस काढायचे याचा विचार करायला लाग. तुझा हात चांगला आहे, पुण्यात खुर्च्यांना तोटा नाही.

काळे कपडे घालणार असशील तर जरूर घाल. आमच्याकडेही निम्मी सलून काळ्यातच असतात. स्टाइलपेक्षा त्यावर कलरचे डाग दिसत नाहीत, हे खरं कारण.

मंगळवारची मीटिंग दहा मिनिटांत आटप. पातं, जंतुनाशक, पॅच टेस्ट, वजनकाटा, आणि मालकांकडून मिळालेली पगाराची तारीख. तारीख मिळाली नसेल तर ती मीटिंगच पुढे ढकल. सोमवारी संध्याकाळी मालकांचं काय ठरलं ते कळव, तुझे सात म्हणजे इथली सकाळ, माझा पहिला क्लायंट दहाला असतो. आईला सांग, मसाला पोचला.

तुझी,
मावशी